मी पाठमोरा होतो

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे मुलीकडे लंडनला तीन महिने राहून आलो. भोरला परतताना वाटले होते, लोक थेम्स नदीबद्दल विचारतील, ब्रिटिश म्युझियमबद्दल विचारतील. मी इतिहासाचा मास्तर, बोलायची थोडी तयारीही करून ठेवली होती. पण तसे कोणी काही विचारले नाही. चौपाटीपासून एसटी स्टँडपर्यंत जो भेटेल त्याचा प्रश्न एकच : "मास्तर, तुमच्या डोळ्यांसमोर म्हणे बाईची साखळी खेचली?"

हो, खेचली. आणि ती हकिगत ऐकल्यावर लोक जे दोन शेरे मारतात, त्या दोन शेऱ्यांवर माझा राग आहे. दोन वर्षांहून जास्त काळ तो मनात घोळतो आहे. आज लिहूनच टाकतो.

आधी काय घडले ते सांगतो.

जून महिना, दुपारी चारचा सुमार. मुलगी हॅरोला राहते. तिथून आम्ही वेम्बलीच्या ईलिंग रोडवर गेलो होतो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी : हा रस्ता म्हणजे परदेशात असल्याचे विसरायला लावणारी जागा. साड्यांची दुकाने, सोन्याच्या पेढ्या, मिठाई, कढीपत्त्याच्या जुड्या, आणि एका बाजूला कोरीव दगडांचे मोठे सनातन मंदिर. मंदिरातून दर्शन घेऊन आम्ही बाहेर पडलो. सौ.ना भेंडी दिसली, म्हणून भाजीच्या दुकानापाशी थांबलो. पुढे पंधरा-वीस पावलांवर साधारण आमच्याच वयाच्या एक गुजराती बाई पिशवी घेऊन चालल्या होत्या. एका स्कूटरवरून दोन पोरे फुटपाथला घासून आली, मागच्याने हात घातला आणि साखळी ओढली. साखळी लगेच तुटली नाही. बाई फरफटल्या, मनगटावर पडल्या, मग ती तुटली. स्कूटर निघून गेली. सगळे मिळून दहा सेकंदही लागले नसतील.

मागच्या पोराच्या हेल्मेटची काच वर होती. चौतीस वर्षे वर्गात उभे राहून पोरांची तोंडे ओळखत काढली, त्यामुळे चेहरा डोळ्यांत बसला. एका पायातल्या बुटाची नाडी पांढरी आणि दुसऱ्याची काळी, हेसुद्धा दिसले. म्हणजे मी नीट पाहिले होते. अगदी नीट.

आणि मग मी काय केले? सौ.चा दंड धरला आणि म्हणालो, "चल, चल लवकर. आपण इथं पाहुणे. व्हिसावर आलोय. आपल्याला काय करायचंय?"

सौ. सातवी पास. तिने माझा हात झटकला, जाऊन त्या बाईंचे डोके मांडीवर घेतले आणि मला म्हणाली, "अहो, बसा इथं. काय करायचंय म्हणजे? पाणी आणा आधी."

मी पाणी आणले. दुकानदाराने खुर्ची आणली, कोणी तरी फोन केला, एक काळा मुलगा स्कूटरच्या मागे कोपऱ्यापर्यंत धावून दमून परत आला. पोलीस आले, रुग्णवाहिका आली. त्या बाईंचे मनगट मोडले होते. साखळीपेक्षा त्यातले मंगळसूत्र गेले म्हणून त्या रडत होत्या. पन्नास वर्षांपूर्वीचे होते म्हणे.

पोलिसीण तरुण होती. तिने विचारले, कोणी पाहिले का? सगळ्यांनी थोडे थोडे सांगितले. मी गप्प. सौ.ने माझ्याकडे बोट केले. मी माझ्या मराठी माध्यमाच्या इंग्रजीत "आय सॉ" एवढे म्हणालो आणि पुढचे शब्द सुचेनात. तिने घाई केली नाही. मुलीचा पत्ता लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी घरी आली. आल्यावर फोनवर एक मराठी दुभाषी बाई जोडून दिल्या. बोलण्यावरून विदर्भातल्या वाटल्या. मी मराठीत सांगत गेलो, त्या इंग्रजीत सांगत गेल्या. लिहून झाल्यावर सगळे मला मराठीत परत ऐकवले. दोन ठिकाणी मी दुरुस्ती सांगितली, ती केली. मग प्रत्येक पानावर सही. जाताना ती म्हणाली, कोर्टात यावे लागले तर मदत करणारी माणसे असतात, आणि एक पत्रक ठेवून गेली. चहा मात्र घेतला नाही.

लोकांना इथे गोष्टीचा सुखान्त हवा असतो. तो नाही. चोर सापडले नाहीत. काही आठवड्यांनी मुलीच्या पत्त्यावर कळवले, पुरेसा पुरावा न मिळाल्याने तपास सध्या थांबवला आहे, साक्षीबद्दल आभार. बस. लंडनमध्ये मोबाइल आणि दागिने हिसकावणे आता रोजचे आहे. २०२४ साली तिथे एक लाखाहून अधिक मोबाइल चोरीला गेल्याची नोंद झाली. आशियाई घरांतल्या सोन्यावर तर चोरांचा खास डोळा असतो. तेव्हा साहेबाच्या देशाची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आता ते दोन शेरे.

पहिला : "बघा! तिकडेपण साखळीचोर!" हे म्हणताना लोकांच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरते. जणू त्या बाईंचे मनगट मोडले ते आपली अब्रू राखण्यासाठी. अरे बाबांनो, चोर सगळीकडे असतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही चोरांचा बंदोबस्त सांगितलेला आहे, म्हणजे तेव्हाही होते. चोर कुठल्या देशात आहेत यावरून देशाची परीक्षा होत नाही. चोरी झाल्यावर आजूबाजूचा माणूस काय करतो, आणि तसे करणे त्याला सोपे आहे की अवघड, यावरून ती होते.

दुसरा शेरा अधिक शहाणा असतो आणि म्हणून अधिक वाईट. "मास्तर, तुम्ही कशाला त्या फंदात पडलात? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

मराठीत जितक्या म्हणी मी मुलांकडून पाठ करून घेतल्या, त्यांतली ही सर्वांत घातक म्हण. अर्थ स्पष्ट करून वाक्यात उपयोग करा म्हटल्यावर पोरे धडाधड लिहायची. आम्ही दोन गुण द्यायचो. आज वाटते, त्या दोन गुणांनी आम्ही काय पेरले? शहाणा तो, जो पायरी चढत नाही. मग चढायचे कोणी? वेड्यांनी? आणि चढलेल्या गुन्हेगारासमोर वर कोणीच नसेल, तर न्यायाधीशाने काय भिंतीची साक्ष घ्यायची?

मी म्हणीची बाजूही मांडतो, कारण ती खोटी नाही. आपल्याकडे साक्षीदाराचे खरोखर हाल होतात. हे मी म्हणत नाही, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. २००० सालच्या स्वर्णसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात न्यायालयाने साक्षीदाराची कैफियत जवळजवळ त्याच्याच तोंडून मांडावी तशी मांडली : लांबून स्वतःच्या खर्चाने यायचे, तारीख पुढे ढकललेली ऐकायची, बसायला जागा नाही, प्यायला पाणी नाही, आणि पिंजऱ्यात उभे राहिल्यावर उलटतपासणीत अपमान. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात सीएसटी स्थानकावर पायाला गोळी लागलेली देविका रोटावन आठवते? त्या वेळी नऊ वर्षांची. पुढच्या वर्षी कुबड्या घेऊन न्यायालयात आली आणि कसाबकडे बोट दाखवले. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे शाळेतल्या प्रवेशापासून राहत्या घरापर्यंत किती ठिकाणी अडले, ते तिने मुलाखतींतून सांगितले आहे. घरासाठी तर तिला मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. इतक्या मोठ्या खटल्यातल्या इतक्या लहान साक्षीदाराची ही गत, तर भोरच्या बाजारातल्या माणसाने काय धडा घ्यावा?

एवढे सगळे मान्य. पण यात एक मेख आहे. आपल्याला म्हण पाठ आहे, कायदा पाठ नाही. आणि तो माहीत करून घ्यायची इच्छाही नाही, कारण माहीत झाला तर सबब जाईल.

उदाहरणे देतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७९ प्रमाणे साठ वर्षांपुढच्या पुरुषाला, कोणत्याही वयाच्या स्त्रीला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला, अपंगाला, गंभीर आजारी माणसाला पोलीस तपासासाठी ठाण्यावर यायची सक्ती करू शकत नाहीत. त्यांनी आपल्या घरी यायचे. म्हणजे त्या पोलिसिणीने हॅरोच्या घरी येऊन जे केले, ते भोरमध्ये माझ्यासाठी कायद्याने लिहून ठेवलेले आहे! जुन्या कायद्यातही २०१३ पासून पासष्टीपुढच्यांना ही सोय होती. कट्ट्यावर आम्ही सात-आठ जण बसतो, सगळे सत्तरीच्या पुढचे, त्यांत एक निवृत्त अव्वल कारकून. एकालाही हे माहीत नव्हते. मलाही नव्हते, लंडनहून आल्यावर वकील झालेल्या विद्यार्थ्याला विचारले तेव्हा कळले.

साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये देशभर लागू केली. धमकी आली तर जिल्ह्याच्या पातळीवर अर्ज करता येतो. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्यासाठी तर मोटार वाहन कायद्यात २०१९ साली स्वतंत्र कलमच घातले, १३४ अ. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी दावा होऊ शकत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. तरी कापूरहोळच्या रस्त्यावर अपघात झाला की आपल्या गाड्या वेग कमी करतात, काच खाली करून पाहतात आणि "नको, पोलिसांचं लचांड मागं लागंल" म्हणत निघून जातात.

आणि कर्तव्याचे म्हणाल तर खून, दरोडा, जबरी चोरी यांसारख्या गुन्ह्यांची माहिती जवळच्या पोलिसाला वा मॅजिस्ट्रेटला देणे हे आपल्याकडे प्रत्येक माणसाचे कायदेशीर कर्तव्य आहे, जुन्या कायद्यातही होते. फ्रान्स-जर्मनीत तर संकटातल्या माणसाला शक्य असून मदत न करणे हाच गुन्हा आहे, त्याला कैद होऊ शकते. तिथवर जा असे मी म्हणत नाही. आहे तेवढे तरी वाचा.

कायदा कागदावर असतो, प्रत्यक्षात ठाण्यावर काय होते ते आम्हाला विचारा, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण कागदावरचा हक्क मागितल्याशिवाय प्रत्यक्षात उतरत नाही. रेशनचे धान्य आपण भांडून घेतो की नाही? सात-बाऱ्यावरची नोंद चुकली तर तलाठ्याकडे दहा खेटे घालतो की नाही? मग "माझा जबाब माझ्या घरी येऊन घ्या" हे एक वाक्य फोनवर म्हणायला जीभ का अडखळते? स्वतःच्या अर्ध्या गुंठ्यासाठी वीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे याच तालुक्यात शेकड्यांनी आहेत. ती म्हण तेव्हा कुठे जाते? म्हणजे पायरीची भीती नाही. दुसऱ्यासाठी चढायचा कंटाळा आहे. त्याला शहाणपण हे नाव दिले आहे, इतकेच.

याच जातीचे आणखी एक वाक्य आहे. "माणुसकीच मेली हो!" वर्तमानपत्र बाजूला ठेवून, चहाचा घोट घेत म्हणायचे. हे वाक्य जगभर चालते. १९६४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज नावाच्या तरुणीचा खून झाला. अडतीस शेजारी खिडक्यांतून पाहत राहिले आणि कोणी हलले नाही, असे न्यूयॉर्क टाइम्सने छापले. पन्नास वर्षे ही गोष्ट कॉलेजात शिकवली गेली. पुढे उघड झाले की तो आकडा फुगवलेला होता. बहुतेकांना नीट दिसले वा ऐकू आले नव्हते, आणि एक शेजारीण तर खाली धावत जाऊन मरणाऱ्या किटीला कवटाळून बसली होती. २०१६ साली त्या वर्तमानपत्रानेही आपली बातमी सदोष असल्याचे मान्य केले. पण जिने धाव घेतली तिचे नाव कोणाच्या लक्षात नाही. सोफिया फरार.

२०१९ मध्ये काही संशोधकांनी इंग्लंडमधले लँकेस्टर, हॉलंडमधले ॲमस्टरडॅम आणि दक्षिण आफ्रिकेतले केपटाउन या तीन शहरांतल्या रस्त्यावरच्या भांडणांची २१९ सीसीटीव्ही चित्रणे तपासून पाहिली. दहापैकी नऊ प्रसंगांत आजूबाजूच्या निदान एका माणसाने मध्ये पडून काही ना काही केले होते. आणि माणसे जितकी जास्त, तितकी कोणी तरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त. केपटाउन हे काही सज्जनांचे शहर म्हणून प्रसिद्ध नाही!

आपल्याकडचेच पाहा. आम्ही लंडनमध्ये असताना, २७ जून २०२३ ला, पुण्यात भर सकाळी सदाशिव पेठेत एक तरुण कोयता घेऊन एका मुलीमागे धावला. माणसे होती, बरीच होती. पण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा लेशपाल जवळगे पुढे झाला आणि त्याने कोयता धरला. हर्षद पाटील मदतीला आला. मुलगी वाचली. मुलीच्या घरी संगणकावर ही बातमी वाचत होतो तेव्हा काही दिवसांपूर्वी "चल, आपल्याला काय करायचंय" म्हणणारा माझाच आवाज मला ऐकू आला. त्याच महिन्यात आमच्या राजगडाच्या पायथ्याशी, वेल्हे भागात, एका हुशार मुलीचा मृतदेह सापडला होता. तिथे धावून जायला कोणी नव्हते. इथे एक जण होता, आणि फरक एका जिवाचा पडला.

याउलट ७ जानेवारी २०२५ ला येरवड्यात एका कार्यालयाच्या आवारात सहकाऱ्यानेच एका तरुणीवर शस्त्राने वार केले. हल्लेखोर हातातले शस्त्र टाकेपर्यंत भोवतालचे लोक अंतरावर उभे होते. मोबाइल मात्र चालू होते. ती मुलगी गेली. मी त्या लोकांना भित्रे म्हणणार नाही. हातात शस्त्र असलेल्यावर झडप घालणे सगळ्यांना जमत नाही, माझ्या वयात तर तो विचारही हास्यास्पद. २०११ साली अंधेरीच्या आंबोलीत मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना हटकणारे कीनन सांतोस आणि रूबेन फर्नांडिस ही दोन पोरे जिवाला मुकली, हे कोण विसरेल? तेव्हा "उडी घ्या" असा उपदेश मी करत नाही. पण त्याच खटल्यात मित्रमैत्रिणी साक्षीला ठाम उभे राहिले आणि २०१६ साली चौघांना जन्मठेप झाली. कोयता धरणे एकाला जमते, साक्ष देणे सगळ्यांना जमते. माझे म्हणणे एवढ्यापुरतेच आहे.

मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांनाही एक सांगायचे आहे. तुम्ही काढलेले चित्रण पुरावा असू शकते, उत्तम पुरावा असू शकते. पण ते आपोआप पुरावा होत नाही. नव्या साक्ष अधिनियमातही इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र लागते : ती कोणत्या उपकरणातून आली, कोणी दिली. म्हणजे काढणाऱ्याने पुढे यावेच लागते. ते दहा गटांवर पाठवून, खाली रडके चेहरे चिकटवून तुम्ही साक्षीदार होत नाही, प्रेक्षक होता. ११२ ला फोन करायलाही तोच मोबाइल चालतो.

आता थोडा इतिहास, कारण तो माझा विषय.

आमच्या भोर तालुक्यात रांझे नावाचे गाव आहे. रांझ्याच्या पाटलाची गोष्ट महाराष्ट्रात लहान पोरालाही माहीत असते. बाबाजी भिकाजी गुजर या पाटलाने एका बाईशी बदअंमल केला आणि शिवाजीराजांनी त्याचे हातपाय तोडवले. १६४६ सालचे पत्र आहे. राजे तेव्हा ऐन पंधरा-सोळा वर्षांचे. ही गोष्ट सांगताना भोर-वेल्ह्यातल्या वक्त्यांची छाती फुगते. मीही चौतीस वर्षे छाती फुगवून सांगितली. पण एक प्रश्न मी एकाही वर्गाला विचारला नाही, आणि एकाही मुलाने मला विचारला नाही.

राजांना कळले कसे?

खबर पोचली म्हणून कळले. खबर काही वाऱ्याने जात नाही. पाटील म्हणजे त्या काळी गावचा राजाच. त्याच्या विरुद्ध तोंड उघडणारे त्या गावात कोणी तरी होते. ती बाई स्वतः असेल, तिचा भाऊ असेल, वाटेवरचा कोणी असेल. त्याचे नाव इतिहासाला माहीत नाही. पाटलाचे माहीत आहे, राजांचे माहीत आहे. पण तो बोलला नसता तर राजांचा न्यायही घडला नसता. आपण न्याय करणाऱ्याचे पुतळे उभारतो, आणि खबर देणाऱ्याला म्हणतो, "कशाला फंदात पडलास?" शिवाजी जन्मावा तो शेजाऱ्याच्या घरी, ही म्हण आपल्याला माहीत आहे. मला वाटते, खबर देणाराही आपल्याला शेजाऱ्याच्याच घरचा हवा असतो.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मास्तर फार नैतिक झाले. म्हणून शेवटची गोष्ट सांगतो. ती कट्ट्यावर कधी सांगितलेली नाही.

१९८८ साल. बाजाराचा दिवस. शाळा सुटल्यावर मी स्टँडजवळ सायकल हातात धरून उभा होतो. कोळशाच्या भट्टीचा एक ठेकेदार होता, गावात वजन असलेला. त्याच्याकडून उचल घेतलेला एक कातकरी भट्टीवर परत गेला नव्हता, तो त्याला बाजारात सापडला. ठेकेदाराने आणि त्याच्या माणसाने त्याला दांडक्याने मारले. वेठबिगारी बंद करणारा कायदा येऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती, मी तो नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवतही होतो. पंधरा-वीस माणसे होती. सगळे पाहत होते. त्या माणसाचा हात कोपरापाशी मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याची मुलगी माझ्या आठवीच्या वर्गात होती. वाडीवरून चालत यायची, अक्षर सुरेख होते. ती बापाबरोबर बाजाराला आलेली, भाजीच्या पाट्यांमागे उभी होती. तिने मला पाहिले. मी तिला पाहिले.

दोन दिवसांनी हवालदार शाळेत आले. अदबीने म्हणाले, "सर, तुम्ही तिथंच होता म्हणे. काय पाहिलंत?"

मी म्हणालो, "मी पाठमोरा होतो. मला काही दिसलं नाही."

हवालदारांनी वहीही उघडली नाही. माझ्यासारखे पाठमोरे त्यांना त्या दिवशी पंधरा भेटले असणार. प्रकरण तिथेच मिटले. ती मुलगी पुढे शाळेत आली नाही. मी हजेरीपटावर महिनाभर तिची गैरहजेरी मांडली आणि मग नियमाप्रमाणे नाव कमी केले.

मला कोणी धमकी दिली नव्हती. ठेकेदाराने माझ्याकडे पाहिलेही नव्हते. नोकरी पक्की होती, मास्तराचा शब्द गावात चालत होता. मी खरे सांगितले असते तर फार तर दोन तारखांना जावे लागले असते. व्यवस्था वाईट होती म्हणून मी गप्प बसलो, असे मला म्हणता येत नाही. व्यवस्थेशी माझी गाठच पडली नाही. ती पडण्याआधीच मी पाठ फिरवली.

म्हणून ईलिंग रोडवर "चल, आपल्याला काय करायचंय" हे माझ्या तोंडून इतक्या सहज निघाले. त्याची सवय पस्तीस वर्षांची होती. व्हिसा हे फक्त नवे निमित्त. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पानावर सही करताना हात थरथरत होता, तेव्हा मुलीला वाटले, बाबा घाबरले. मी घाबरलो नव्हतो. एका अनोळखी देशात, एका अनोळखी बाईसाठी, न सापडणाऱ्या चोराविरुद्ध मी जे दिले, ते माझ्याच गावात माझ्याच विद्यार्थिनीच्या बापाला दिले नव्हते.

तेव्हा मंडळी, साखळीची गोष्ट मला पुन्हा विचारायची असेल तर जरूर विचारा. पण "तिकडेपण असंच" म्हणून हसू नका, आणि "कशाला पडलात" म्हणून कीव करू नका. ठाण्यांनी साक्षीदाराला खुर्ची द्यावी, कोर्टांनी त्याच दिवशी साक्ष घ्यावी, हे मागायलाच हवे आणि मी मागणार आहे. शिक्षक मित्रांना विनंती, ती म्हण शिकवायचीच असेल तर तिच्याखाली कलम १७९ फळ्यावर लिहा. आणि रांझ्याची गोष्ट सांगताना मुलांना एकदा तरी विचारा, खबर कोणी दिली?

ती मुलगी आज असली तर पन्नाशीत असेल. कुठे आहे, मला माहीत नाही. शोधायचा प्रयत्न केला, उशिरा केला. तिच्यापर्यंत हे पोचेल अशी आशा नाही. पण निदान जबाब तरी दुरुस्त करून ठेवतो.

मी पाठमोरा नव्हतो. मी सगळे पाहिले होते.